सी५ कॉर्व्हेटला १६० चा थर्मोस्टॅट बसवायचाय? आधी फॅनचं बघा

मंडळाच्या गणपतीला पार्किंगमध्ये दोघातिघांनी विचारलं की एवढ्या उन्हात ट्रॅफिकमध्ये तुझी गाडी तापत कशी नाही, तेव्हा आरती सुरू होणार होती म्हणून अर्धवटच सांगितलं, आता नीट लिहून काढतो. गाडी २००२ ची शेवरोले कॉर्व्हेट, सी५ म्हणजे या स्पोर्ट्स कारची पाचवी पिढी, ५.७ लिटरचं एलएस१ इंजिन, ३५० हॉर्सपॉवर, आणि राहते ह्यूस्टनमध्ये, जिथे ऑगस्टमध्ये दुपारी बाहेरच ९५-१०० फॅरनहाइट असतं आणि वर दमट हवा. खाली जे आकडे देतोय ते या गाडीचे आणि या इंजिनाचे आहेत, तुमच्याकडे दुसरी कुठली गाडी असेल तर पद्धत घ्या पण आकडे घेऊ नका.

पहिली गोष्ट, आणि हीच सगळ्यात जास्त लोक चुकतात. थर्मोस्टॅट इंजिन जास्तीत जास्त किती तापेल ते ठरवत नाही, कमीत कमी किती गरम राहील ते ठरवतो. आत मेणाची एक डबी असते, मेण तापलं की फुगतं, दांडा ढकलतं, झडप उघडते आणि रेडिएटरमधलं थंड पाणी इंजिनात यायला लागतं. एकदा झडप पूर्ण उघडली की त्याचं काम संपलं. पुढे पाणी किती थंड होणार ते रेडिएटर, हवा आणि फॅन यांच्या हातात. कंपनीचा थर्मोस्टॅट १८६ फॅरनहाइटला, म्हणजे ८६ सेल्सिअसला उघडायला लागतो. लोक त्याजागी १६० चा, म्हणजे ७१ सेल्सिअसचा टाकतात. पण कंपनीच्या सेटिंगमध्ये रेडिएटरचे फॅन पहिल्या स्पीडला लागतात २२६ ला आणि दुसऱ्या स्पीडला २३५ ला, म्हणजे १०८ आणि ११३ सेल्सिअस! हायवेवर वारा मिळतो तोवर ठीक, सिग्नलला उभे राहिलात की थर्मोस्टॅट १६० चा असो नाहीतर १८६ चा, काटा सरळ २२६ कडे जाणार कारण फॅनच लागलेला नाही.

हे मला अनुभवाने कळलं. पहिल्यांदा नुसता थर्मोस्टॅट बदलला होता, मोठ्या हौसेने, हायवेवर १७५ दिसत होतं म्हणून खूष होतो, आणि त्याच संध्याकाळी शहराभोवतीच्या ६१० लूप हायवेवर अपघातामुळे गाड्या अडकल्या आणि वीस मिनिटांत डॅशवर २१०, २१५, २२० असे आकडे चढताना बघत बसलो. काही बिघडलं नव्हतं, गाडी कंपनीने सांगितलं तसंच वागत होती, पण ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते त्या वीस मिनिटांत शून्य झालं. म्हणून म्हणतोय, फॅनची सेटिंग बदलायची तयारी नसेल तर थर्मोस्टॅटवर पैसे आणि रविवार घालवू नका.

मग करायचं कशासाठी? घोडे वाढतात म्हणून नाही. एलएस१ चं कॉम्प्रेशन १०.१ ला १ आहे, आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकणासारखे भाग, तापले, आत येणारी हवा तापली की नॉक, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटायची शक्यता वाढते, मग कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो आणि गाडी आळसावल्यासारखी होते, हे उन्हाळ्यात सिग्नलवरून निघताना पायाला स्पष्ट जाणवतं. हेड थंड राहिले की ते टायमिंग टिकतं. ट्रॅकवर मात्र याचा उपयोग जवळपास नाही. अँगलटनच्या ट्रॅकवर वीस मिनिटांच्या सेशनमध्ये दोन्ही थर्मोस्टॅट सताड उघडेच राहणार, तिथे मोठा रेडिएटर आणि ऑइल कूलर लागतो. थर्मोस्टॅटचा खरा फायदा आमच्यासारख्यांना, जे उन्हात, शहरात, थांबत थांबत चालवतात आणि मधेच मोकळा रस्ता दिसला की दाबतात.

आता काम सुरू करायच्या आधी अजून एक गोष्ट बघा, कारण निम्म्या सी५ गाड्यांचा तापण्याचा आजार हाच असतो असं माझं मत आहे. ही गाडी समोरच्या जाळीतून हवा घेत नाही, खालून ओढते. नाकाखाली रबरी एअर डॅम लोंबत असतो तो हवा वर रेडिएटरकडे वळवतो. स्पीडब्रेकरला आणि पार्किंगच्या कडेला घासून घासून तो तुटतो आणि लोक म्हणतात जाऊ दे, दिसत तर नाही. तो असलाच पाहिजे. आणि खालून हवा येते म्हणजे रस्त्यावरचा पालापाचोळा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सगळं वर जातं आणि एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं. बाहेरून टॉर्च मारून काही दिसत नाही. मी वरचं कव्हर सोडवून बघितलं तर खालचा चांगला एक पट्टा ओकच्या पानांनी गच्च भरलेला, एवढा की बोटाने खरवडल्यावर गादीसारखा थर निघाला, त्यात एक चुरगळलेली किराणाची पिशवी पण. हाताने काढा, मग कमी प्रेशरच्या हवेने इंजिनाच्या बाजूकडून पुढे फुंका. प्रेशर वॉशर लावू नका, बारीक पत्र्या वाकतात आणि मग हवा कायमची अडते. नुसतं एवढं केल्यावर काही जणांना बाकी काही करावंच लागत नाही.

पार्ट घेताना वर्ष नीट सांगा. २००४ पासून वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट दोन्ही बदलले, त्याच्या आधीच्या गाड्यांना नवा बसत नाही. आधीच्या गाड्यांचा थर्मोस्टॅट अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्येच, म्हणजे बाहेरच्या कवचातच, अडकवलेला असतो, नुसता थर्मोस्टॅट स्वस्तात मिळतो पण तो काढा-घालायच्या झटापटीत स्प्रिंग हातातून सुटते, म्हणून हाउसिंगसकट पूर्ण पीस घ्या. सोबत नवीन रबरी सील आलंय का ते दुकानातच उघडून बघा. कूलंट डेक्स-कूल, नारिंगी, अर्धं डिस्टिल्ड पाणी अर्धं कूलंट. नळाचं पाणी नको, हिरवं जुनं कूलंट यात मिसळू नका. काही जण म्हणतात आमच्याकडे बर्फ पडत नाही, नुसतं पाणी घालतो. अहो कूलंट फक्त पाणी गोठू नये म्हणून नसतं, पाण्याचा उकळबिंदू त्याने वाढतो आणि अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही.

बसवायच्या आधी नवा थर्मोस्टॅट स्टोव्हवर तपासा. मी प्रत्येक वेळी तपासतो, कारण अडकलेला थर्मोस्टॅट निघाला तर सगळं काम परत करावं लागतं. स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका, एखादं जुनं पातेलं घ्या जे परत घरात वापरायचं नाही. झडप थोडी दाबून त्या फटीत जाड सुती दोरा अडकवायचा आणि झडप सोडायची, आता सगळा पीस दोऱ्याला लोंबकळतो. तसाच पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी मांस किंवा पाक मोजायचा थर्मामीटर धरा आणि मंद आचेवर ठेवा. सुरुवातीला बराच वेळ काहीच होत नाही, १५० गेलं, १५५ गेलं, पाण्यात बारीक बुडबुडे धरायला लागले, आणि मग दोरा हातात एकदम हलका होतो, थर्मोस्टॅट टप्पकन तळाशी पडलेला. तोच आकडा लिहून ठेवायचा. माझा १६२ ला पडला. जुना काढल्यावर तोही असाच बघितला, तो १८५ च्या आसपास सुटला म्हणजे तोही बिचारा एवढ्या वर्षांनी ठणठणीत होता. गरम केल्यावर गार पाण्यात टाकून झडप परत पूर्ण बंद होते का ते पण बघा, उघडतो पण मिटत नाही असा थर्मोस्टॅट काही कामाचा नाही.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी, तासाभरापूर्वी बंद केलेली नाही. गरम असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडलंत तर उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं, याबाबतीत घाई करणाऱ्यांना मी कधीच मदत करत नाही. गाडी उचलायची असेल तर सी५ ला जॅक कुठेही लावता येत नाही, फ्रेमला ठरलेल्या चार जागा आहेत, तिथे रबरी पक, म्हणजे गोल ठोकळे, लावूनच उचला आणि खाली जाण्याआधी जॅक स्टँड द्या. नाक इतकं खाली असतं की आधी चाकं दोन फळ्यांवर चढवल्याशिवाय जॅक आत जातच नाही.

वरून आधी हवेचा तो रुंद डक्ट काढायचा जो थ्रॉटल बॉडीला, म्हणजे इंजिनात हवा जायच्या तोंडाला येतो, मॅफ सेन्सरचा, म्हणजे हवा मोजणाऱ्या सेन्सरचा, प्लग हलक्या हाताने, कुलूप दाबून सोडवा, वायर ओढू नका, तेवीस-चोवीस वर्षांचं प्लॅस्टिक आहे ते. थ्रॉटल बॉडीच्या तोंडावर स्वच्छ फडकं बांधा म्हणजे नट आत पडायला नको. जुन्या शेवी (शेवरोले) व्ही८ इंजिनात थर्मोस्टॅट वर, पाणी बाहेर जायच्या बाजूला असायचा, त्यामुळे त्या सवयीने लोक वरचा होज, म्हणजे रबरी नळी, सोडवून शोधत बसतात. एलएस मध्ये तो पाणी आत यायच्या बाजूला आहे. रेडिएटरच्या खालच्या होजचा माग काढत वॉटर पंपापर्यंत या, होज जिथे पंपाला मिळतो ते वाकडं अ‍ॅल्युमिनियमचं तोंड म्हणजेच थर्मोस्टॅटचं हाउसिंग.

रुंद तसराळं खाली ठेवून रेडिएटरचा ड्रेन सोडा. तो प्लॅस्टिकचा असतो, पक्कडीने दामटलात तर मोडतो, हातानेच फिरवा. तरीही होज काढल्यावर बरंच पाणी येतंच, म्हणून इंजिनाच्या पट्ट्यावर (बेल्टवर) आधी प्लॅस्टिक आणि जुना टॉवेल टाकून ठेवा, कूलंट लागलेला पट्टा नंतर किंचाळतो. आणि हे कूलंट गोड असतं आणि विषारी असतं, कुत्रं-मांजर चाटतं आणि मरतं. आमच्या गल्लीत मोकळी फिरणारी मांजरं आहेत म्हणून मी तसराळं क्षणभरही उघडं सोडत नाही, सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुतो, आणि जुनं कूलंट झाकणाच्या डब्यात भरून ऑटो पार्टच्या दुकानात किंवा काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात, जिथे घेतात तिथे देऊन येतो. गटारात अजिबात नाही.

होजचा क्लॅम्प स्प्रिंगचा आहे, पक्कडीने कान दाबून मागे सरकवा. होज चिकटलेला असेल तर आधी जागच्या जागी गोल फिरवून सुटा करा, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलात तर नळीवर चरा पडतो आणि तिथून आयुष्यभर ठिबकतं. मग दोन बोल्ट, दहाच्या सॉकेटचे. हाउसिंग बाहेर आलं की पंपाची जागा पुसून घ्या, जुनं सील चिकटून राहिलंय का ते बोट फिरवून बघा. इथे मी एकदा फसलो होतो. नवं सील नीट बसलंय असं समजून बोल्ट आवळले, ते एका कडेला दुमडलं होतं, दिसलं काहीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ड्राइव्हवेवर नारिंगी रंगाचा रुपयाएवढा डाग. परत सगळं खोललं. तेव्हापासून सीलला थोडं कूलंट बोटाने लावतो, हाउसिंग सरळ दाबतो, दोन्ही बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरतायत याची खात्री करतो आणि मगच आळीपाळीने थोडे थोडे आवळतो. टॉर्क फक्त १५ न्यूटन मीटर, म्हणजे ११ फूट-पाउंड. फार कमी आहे हे, मोठ्या रॅचेटने अंदाजे आवळू नका, अ‍ॅल्युमिनियमच्या पंपातले आटे गेले तर शंभर रुपयांच्या कामाला पूर्ण पंप बदलायची वेळ येते. गॅस्केटचा सिलिकॉन लावायची गरज नाही, रबरी सील असताना तो उलट सीलला घसरवतो.

भरताना टाकीत हळूहळू ओता, इंजिन चालू करून हीटर फुल गरमवर ठेवा, पातळी खाली जाईल तसं भरत रहा. एलएस ला हेडमधून हवा आपोआप बाहेर काढणारी वाफेची नळी असते म्हणून जुन्या इंजिनांसारखा फार त्रास होत नाही, पण हीटरमधून गार हवा येत असेल तर अजून हवा अडकली आहे असं समजा. पूर्ण गरम होऊन परत पूर्ण गार झाल्यावर पातळी बघा, आणि पुढचे दोनतीन दिवस रोज सकाळी. माझ्याकडे दुसऱ्या दिवशी अर्धा लिटर परत लागलं.

आता फॅन. लॅपटॉपवर एचपी ट्यूनर्स किंवा ईएफआय लाइव्ह, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर, असेल तर स्वतः करा, नाहीतर एखाद्या ट्यूनरकडे अर्ध्या तासाचं काम आहे. आधी मूळ फाइल वाचून दोन ठिकाणी सेव्ह करून ठेवा. मी पहिला स्पीड १८५ ला चालू, १७८ ला बंद ठेवलाय आणि दुसरा १९२ ला. १६० चा थर्मोस्टॅट पूर्ण उघडायला साधारण वीस अंश अजून घेतो, फॅन त्याच्या खाली सेट केलात तर तो हायवेवर पण बंदच होणार नाही, उगाच मोटरी झिजतील. काही जण १७० ला लावतात, मला ते पटत नाही. फाइल उघडली आहे तर अजून काहीतरी बदलू असं मनात येतं, नका बदलू, एमिशनच्या, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या, टेबलांना हात लावू नका. आमच्या हॅरिस काउंटीत एमिशन टेस्ट आहे आणि चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल तर गाडी सरळ नापास. कॅलिफोर्नियावाल्यांनी तर आधी स्मॉगचे नियम वाचूनच पार्ट मागवा.

दिव्यावरून आठवलं, थंडीत पी०१२८ कोड येऊ शकतो, त्याचा अर्थ इंजिन अपेक्षेइतकं गरम होत नाहीये. सी५ मध्ये कोड बघायला स्कॅनर पण लागत नाही, इग्निशन ऑन करून ऑप्शन्सचं बटण दाबून धरा आणि फ्यूएलचं बटण चार वेळा दाबा, डॅशवरच सगळे कोड एकेक करून येतात. आणि नुसतं गेजेसचं बटण दाबत गेलात की कूलंटचं आणि ऑइलचं तापमान आकड्यात दिसतं, काट्यावर विश्वास ठेवू नका, हा आकडा बघा. सेन्सर ड्रायव्हरकडच्या हेडमध्ये पुढे बसवलाय, गरम बाजूला, आणि थर्मोस्टॅट थंड बाजूला, त्यामुळे १६० चा टाकून १७५ दिसतंय म्हणजे पार्ट खराब आहे असं समजून दुकानात भांडायला जाऊ नका. माझ्याकडे हायवेला १७२ ते १७८, आणि ऑगस्टमध्ये एसी लावून ट्रॅफिकमध्ये १८५ ते १९५ च्या मधे. पूर्वी हाच आकडा २२० च्या पुढे असायचा.

एक समज पसरलाय की १६० च्या थर्मोस्टॅटने गाडी क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल मोजून द्यायच्या अवस्थेत, जातच नाही आणि पेट्रोल पिते. एलएस१ क्लोज्ड लूपमध्ये त्याच्या कितीतरी आधीच जाते, ते कारण नाही. खरी काळजी ऑइलची. ऑइल गरम झालं नाही तर त्यातली वाफ आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही. जानेवारीत माझं ऑफिस जवळ आहे तेवढ्या अंतरात ऑइल १५० च्या पण वर जात नव्हतं, म्हणून थंडीत आठवड्यातून एकदा तरी केटीच्या हायवेवर पाऊण तास फिरवून आणतो आणि ऑइल लवकर बदलतो. शिकागो, मिनिआपोलिस, न्यू जर्सी अशा ठिकाणी बारा महिने गाडी वापरणाऱ्यांना मी १६० चा सुचवणारच नाही. तिकडे कंपनीचाच ठेवा आणि फक्त फॅन २०० च्या आसपास लावून घ्या, उन्हाळ्यातला निम्म्याहून जास्त फायदा तेवढ्यातच मिळतो आणि एक बोल्टसुद्धा सोडवावा लागत नाही.

जुना थर्मोस्टॅट टाकून देऊ नका. पुसून, वाळवून, वर मार्करने १८६ लिहून झिपच्या पिशवीत ठेवा, सोबत एक जादा सील आणि मूळ फाइलचा पेन ड्राइव्ह. गाडी विकताना घेणारा डेन्व्हरसारख्या थंड गावचा निघाला तर त्याला तेच लागेल.